हिरोच्या डोक्यावर हेल्मेट का नसते?

वर्गात तीस मिनिटे तंबाखूचे दुष्परिणाम शिकवले, तर मुलांच्या लक्षात परीक्षेपुरते चार मुद्दे राहतात. मोबाईलवर तीन मिनिटांचा विनोदी व्हिडिओ आला, की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या वर्गाला त्यातले संवाद तोंडपाठ झालेले असतात. उर्दूचा धडा असो की मराठीची कविता, इतक्या लवकर काहीच पाठ होत नाही. वीस वर्षे शिकवल्यानंतर मी याची तक्रार करणे सोडले आहे. मुले अशीच शिकतात. पाहतात, हसतात आणि मग तसेच करून पाहतात.

मुले फक्त संवाद उचलत नाहीत, हा काळजीचा भाग आहे. व्हिडिओतला नायक पुडी दातांनी कशी फाडतो, मान मागे टाकून ती तोंडात कशी रिकामी करतो, मोटारसायकलवर तिघे कसे बसतात, किल्ली बोटावर कशी फिरवतो, हे सगळे ती टिपतात. यातली एकही गोष्ट त्या व्हिडिओचा विषय नसते. विषय असतो सासू-जावयाचे भांडण किंवा उधारीवरून झालेला गोंधळ. पण मागे जे सहज चालू असते तेच मुलांना 'नेहमीचे' वाटू लागते. जे शिकवले जाते त्यावर प्रश्न विचारता येतो. जे नुसते दिसत राहते त्यावर प्रश्न विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही.

हे केवळ शिक्षिकेचे निरीक्षण नाही. दिल्लीतील बारा शाळांमधल्या सुमारे चार हजार मुलांवर झालेला एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी सिनेमांतून तंबाखूची दृश्ये सर्वाधिक पाहिलेल्या मुलांमध्ये तंबाखू चाखून पाहिल्याचे प्रमाण, ती दृश्ये सर्वांत कमी पाहिलेल्या मुलांच्या दुपटीहून जास्त आढळले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालानेही सिनेमातले धूम्रपान आणि तरुणांना लागणारी सवय यांचा कार्यकारण संबंध मान्य केला.

आता आपल्या भागाकडे पाहू. खान्देश हा केवळ सिनेमा पाहणारा प्रदेश राहिलेला नाही. धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या मालेगावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने 2000 च्या सुमारास मित्रांना जमवून 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी सुट्टीच्या दिवशी अभिनय केला आणि गावाने तो डोक्यावर घेतला. पुढे त्यांनी आपल्या गावाचा 'सुपरमॅन' बनवला. त्याच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. फेब्रुवारी 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थेटरात आला आणि ही कथा देशभर पोहोचली. सुपरमॅनचा झगा घालणारा शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. 2011 मध्ये तो कॅन्सरने गेला. गावाचा सुपरमॅन ऐन तरुणपणी कॅन्सरने जातो, ही गोष्ट मला त्याच्या कोणत्याही सिनेमापेक्षा मोठी वाटते.

आज तेच काम मोबाईल आणि यूट्यूब करतात. शफीक नाट्या यांचे 'छोटू दादा'चे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहेत. त्यांच्या यशाकडे पाहून जळगाव, धुळे, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा कितीतरी ठिकाणी पोरे कॅमेरा घेऊन उभी राहिली आहेत. यातली बरीच मुले आपल्याच मोहल्ल्यातली आहेत. त्यांची भाषा आपल्या घरातली, खान्देशी ठसक्याची हिंदी-उर्दू, मध्येच मराठी आणि अहिराणी. मुंबईच्या दिग्दर्शकापर्यंत आपला आवाज कधी पोहोचेल कोण जाणे. या मुलांपर्यंत मात्र तो अस्र आणि मगरिबच्या मधल्या चहात पोहोचतो.

तंबाखूच्या बाबतीत खान्देशाचे एक नाव सगळ्या भारताने ऐकले आहे, पण ते आपल्या भागातले आहे हे आपल्यालाच माहीत नसते. सिनेमा सुरू होण्याआधी थेटरात ज्याचा चेहरा दिसायचा आणि प्रेक्षक नजर फिरवायचे, तो मुकेश हराणे भुसावळचा. अवघ्या 24 व्या वर्षी, ऑक्टोबर 2009 मध्ये, तोंडाच्या कॅन्सरने त्याचा मृत्यू झाला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात चित्रित झालेले त्याचे शब्द 2012 पासून देशभरातल्या थेटरांत ऐकू येऊ लागले. 2 ऑक्टोबर 2012 पासून सिनेमात तंबाखूचे दृश्य असेल तर आधी आणि मध्यंतरानंतर असा इशारा दाखवणे आणि दृश्य चालू असताना खाली सूचना देणे बंधनकारक झाले. 1 सप्टेंबर 2023 पासून ओटीटीलाही असेच नियम लागू झाले.

मुकेशच्या त्या तीस सेकंदांनी किती जणांच्या हातातली पुडी खाली ठेवली असेल, ते अल्लाह जाणे. ते काम मोठेच आहे. पण त्या इशाऱ्याची एक मर्यादा आहे. तो गोष्टीच्या बाहेर असतो. आधी मुकेश दिसतो, आपण अस्वस्थ होतो, मग सिनेमा सुरू होतो आणि नायक झोकात सिगारेट पेटवतो. इशारा घाबरवतो, पण गोष्ट भुरळ घालते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात यातले कोण जिंकेल? शिवाय हे नियम थेटरांसाठी आणि ओटीटीसाठी आहेत. गल्लीतल्या मुलाने मोबाईलवर काढलेल्या रीलपर्यंत ते पोहोचत नाहीत. तिथे कायद्याऐवजी ओळख आणि समजूत कामी येईल.

माझा एक माजी विद्यार्थी आहे. नाव सांगत नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात नकला करून तो सभागृह डोक्यावर घ्यायचा. मुख्याध्यापकांची नक्कल तर इतकी हुबेहूब, की मुख्याध्यापकही हसायचे. आठवीत मीठी सुपारी, मग पान मसाला आणि पुढे गुटखा, असा त्याचा प्रवास झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे, तरी त्याला तो कधी कमी पडला नाही. आज तो 23 वर्षांचा आहे आणि त्याचे तोंड दोन बोटांएवढेही उघडत नाही. त्याची अम्मी पोळी दुधात कुस्करून देते. तिखट लागले की डोळ्यांत पाणी येते. ईदला बिर्याणीच्या दस्तरख्वानवर तो सगळ्यांबरोबर बसतो आणि लवकर उठतो. नकला करण्यासाठी तोंड उघडावे लागते, त्यामुळे आता तो नकला करत नाही.

डॉक्टर या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालाच्या आतली त्वचा कडक दोरीसारखी होते, आणि पुढे तिथेच कॅन्सर होण्याचा धोका असतो. याचे मुख्य कारण सुपारी आहे, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावे. 'आमचा मुलगा तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' यात समाधान मानण्यासारखे काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवले आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास 27 टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात, आणि त्यात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे कितीतरी जास्त आहेत.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना भेटतात. जळगावात तर वर्षानुवर्षे महामार्ग शहराच्या पोटातून गेला आणि ट्रकच्या शेजारून शाळकरी मुले सायकली हाकत राहिली. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यात दुचाकीवरची माणसे जवळपास 45 टक्के, आणि हेल्मेट न घातलेली 50,029. हेल्मेटने अपघातात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरातले अभ्यास एकत्र करून काढलेले अनुमान आहे. तरी आपल्या व्हिडिओतल्या हिरोच्या डोक्यावर हेल्मेट नसते. असतो तो गॉगल.

गोष्टीतून सवय बदलते याची उदाहरणे जगात आहेत. 1988 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाने टीव्ही मालिका लिहिणाऱ्यांना एक विनंती केली. मित्र दावतीला जाताना दाखवाल, तेव्हा त्यांच्यातला एक जण न पिता राहील आणि तोच गाडी चालवेल, एवढे एखाद्या संवादात येऊ द्या. दारूचा विषय आपल्यासाठी परका आहे, हराम आहे. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी मालिकेचा विषय बदलायला सांगितले नाही, एक-दोन वाक्ये मागितली. चार हंगामांत 160 हून जास्त कार्यक्रमांत ती आली. त्या न पिणाऱ्या चालकासाठी वापरला जाणारा शब्द 1991 पर्यंत शब्दकोशात गेला.

आपल्याकडे जुलै 1984 मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी दोन शब्द बोलायचे. ज्यांचे बालपण त्या काळातले आहे त्यांना शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून ती पाहिल्याचे आठवत असेल. लोकांनी त्या मालिकेला लाखो पत्रे पाठवली. मुलीचे शिक्षण, व्यसन, हुंडा या गोष्टींवर घराघरात बोलणे सुरू झाले, कारण पडद्यावरचे घर आपल्या घरासारखे होते.

हे सगळे डोक्यात ठेवून गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गाने पत्रलेखनाच्या तासाला एक खरे पत्र लिहिले. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही. पत्र होते आमच्याच शहरातल्या एका तरुणाला, जो विनोदी व्हिडिओ करतो आणि ज्याला ही मुले 'भाई' म्हणतात. पत्रात मुलांनी आधी त्याच्या व्हिडिओचे कौतुक केले आणि मग तीन गोष्टी मागितल्या: गाडीवर हेल्मेट घाल, हिरोच्या तोंडात पुडी दाखवू नको, आणि शाळकरी मुलगा गाडी चालवताना दाखवू नको.

दोन दिवसांनी त्याचा आवाजी निरोप आला. "मॅडम, बच्चों का लेटर पढ़ा, रोना आ गया. मगर हेल्मेट पहनेंगे तो चेहरा किसको दिखेगा?" मग जरा थांबून तो म्हणाला, "और सच बोलूँ तो हमारे पास हेल्मेट हैच नहीं. गाड़ी भी दोस्त की है."

त्याचे दोन्ही मुद्दे खरे होते. चेहरा दिसला नाही तर विनोद कसा होणार? आणि ज्यांच्याकडे कॅमेराही उसना आहे त्यांनी हेल्मेट कोणत्या पैशांनी आणावे? दुसऱ्या मुद्द्यावर शिक्षकांनी वर्गणी काढली आणि आयएसआय शिक्का असलेली दोन हेल्मेट घेऊन दिली. पहिल्यावर मुलांनीच उपाय काढला. गाडी चालू असताना हेल्मेट डोक्यावर, गाडी थांबली की ते काढायचे, आरशाला अडकवायचे आणि मग संवाद बोलायचा. एका मुलीने सुचवले की अम्मीने किल्ली पदरात बांधून ठेवावी आणि हेल्मेट घातल्याशिवाय देऊच नये.

त्या तरुणाने हेच दृश्य घेतले. मुलगा घाईत आहे, बाहेर मित्र हॉर्न वाजवतोय, आणि अम्मी दारात उभी. तो हेल्मेट उलटे घालतो, अम्मी पुन्हा काढायला लावते, मित्र बाहेरून ओरडतोय. पोट धरून हसावे असे ते दीड मिनिट आहे. त्यात उपदेशाचा एक शब्द नाही. आता आमच्या शाळेत कोणी घाई केली, की मुले एकमेकांना त्या अम्मीच्या सुरात 'पहले टोपी' म्हणून अडवतात. सगळ्यांच्या अब्बूंनी हेल्मेट घेतले असा माझा दावा नाही. पण हेल्मेटवरून घरात बोलणे होऊ लागले, ते मुलांच्या तोंडून झाले आणि हसत झाले.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला कलावंतांकडून येतो: जे समाजात आहे तेच आम्ही दाखवतो, वाईट माणूस पुडी खाणारच. खुशाल खाऊ द्या. खलनायकाने पुडी खावी, थुंकावे, त्याची फजिती व्हावी. मागणे एवढेच आहे की ज्याच्यासारखे व्हावे असे मुलांना वाटते त्याच्या हातात ती नको. आणि समाजात जे आहे तेच दाखवायचे तर तोंड न उघडणारा 23 वर्षांचा तरुणही समाजात आहे. तो कुठल्या व्हिडिओत दिसतो?

दुसरा आक्षेप आपल्या घरांतून येतो: हे व्हिडिओ म्हणजे वेळेची नासाडी, यांच्याशी बोलायचे तरी कशाला? ज्या घरात मुले हे पाहत नाहीत त्या घराला मुबारकबाद. पण बहुतेक घरांत ती पाहतात, आणि करणारी पोरेही आपलीच आहेत. त्यांना दूर लोटले तर त्यांचे सल्लागार फक्त व्ह्यूजचे आकडे उरतील. कुरआनच्या सूरह अल-बकराच्या 195 व्या आयतीत स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात टाकण्याची मनाई आहे, आणि सूरह अल-माइदाच्या 32 व्या आयतीत एक जीव वाचवण्याला साऱ्या मानवजातीला वाचवण्याचा दर्जा दिला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस आपण मुलांना लहानपणीच ऐकवतो. हेल्मेटचा पट्टा बांधणे म्हणजे आजच्या काळातला उंट बांधणेच आहे. ही गोष्ट जुम्याच्या बयानात यावी, तशीच ती हसत-खेळत पडद्यावरही यावी.

लोकांच्या म्हणण्याला मोठे कलाकारही वजन देतात. वेलचीच्या नावाखाली होणाऱ्या पान मसाला कंपनीच्या जाहिरातीवरून टीका झाल्यावर एप्रिल 2022 मध्ये अक्षय कुमारने चाहत्यांची माफी मागितली आणि ती जाहिरात सोडली. एवढा मोठा नट ऐकतो, तर मोहल्ल्यातला मुलगा का ऐकणार नाही? मात्र त्याच्याशी बोलताना सूर आपुलकीचा हवा. 'तुम्ही समाज बिघडवता' म्हणून सुरुवात केली, की समोरचा कान बंद करतो. 'बेटा, तुझा व्हिडिओ आमच्या घरात सगळे पाहतात' एवढ्यानेच अर्धे काम होते.

घरातल्या घरात करता येण्यासारखेही बरेच आहे. चांगले दृश्य दिसले की त्या व्हिडिओखाली दोन ओळींची शाबासकी लिहा. धोक्याचे दृश्य, म्हणजे रेल्वेरुळांवरची रील, तापी-गिरणेच्या डोहात उड्या, एका चाकावरची मोटारसायकल, कुटुंबाच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका, मग ते कितीही गमतीचे असो. व्हिडिओ करणाऱ्याला व्ह्यूज कळतात. आपण काय पुढे पाठवतो त्यावर तो उद्या काय काढेल ते ठरते. लग्नात वरातीचे व्हिडिओ काढणाऱ्यांनाही हे सांगता येईल.

आणि एक गोष्ट कायद्याची. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेल्मेट चार वर्षांवरच्या प्रत्येकाला लागते, मागे बसणाऱ्यालाही. शाळेच्या फाटकाशी मी रोज पाहते. अब्बू पुढे हेल्मेट घालून, मागे दोन लेकरे उघड्या डोक्याने, आणि सगळ्यात धाकटा टाकीवर. मुलांसाठी सर्वांत जास्त वेळा पाहिला जाणारा व्हिडिओ हाच असतो. तो दिवसातून दोनदा चालतो आणि त्यातला हिरो घरातलाच असतो.

या शाबानमध्ये आमचे विद्यार्थी आणखी तीन तरुणांना पत्रे लिहिणार आहेत. रमजानमध्ये इफ्तारच्या घाईत, अजान होण्याआधी घर गाठण्यासाठी, गाड्या किती जोरात पळतात हे आपण सगळे जाणतो. त्यावर एक विनोदी व्हिडिओ व्हावा, अशी मुलांची इच्छा आहे. तुमच्या गावातही असा एखादा 'भाई' असेल. त्याचा पत्ता तुमच्या मुलांना नक्की माहीत आहे. त्यांना कागद द्या आणि पत्र लिहायला बसवा. जमल्यास पत्रासोबत एक हेल्मेटही पाठवा.